प्रेक्षकाच्या हातातला झेंडा



मागच्या आठवड्यात आठवीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा तास चालू होता. मूलभूत हक्क हा पाठ. मी स्वातंत्र्याच्या हक्कावर बोलत होते आणि मागच्या बाकावरून एक हात वर आला. "बाई, मी मामाबरोबर मॅच बघायला गेलो होतो. गेटवर झेंडा आत नेऊ दिला, पण काठी काढून घेतली. झेंडा फडकवणं हा आपला हक्क आहे ना? मग काठी का काढली?"

वर्गात हशा झाला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. मी काठीचं उत्तर दिलं, तेवढ्यात दुसरा प्रश्न आला : "बाई, आणि दुसऱ्याच देशाचा झेंडा नेला तर?" मग तिसरा : "मॅचमध्ये नसलेल्याच देशाचा नेला तर?" घंटा झाली आणि पाठ राहिला तिथेच. म्हणून म्हटलं, हा विषय आपण इथे सावकाश समजून घेऊ. परीक्षेला येईल की नाही माहीत नाही. समजून घेण्यासारखा मात्र नक्की आहे.

सुरुवातीला एक गोष्ट लक्षात घ्या. स्टेडियममध्ये तुमच्या हातात जो झेंडा असतो, त्याच्यावर एकाच वेळी तीन मालकांचे नियम चालतात. पहिला म्हणजे त्या देशाचा कायदा. दुसरा म्हणजे सामना भरवणारा आयोजक; त्याच्या अटी तिकिटाच्या मागे किंवा ऑनलाइन तिकिटाखाली बारीक अक्षरांत असतात आणि आपण त्या न वाचता 'मान्य' वर बोट ठेवतो. तिसरा म्हणजे त्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना : ऑलिम्पिक समिती, फिफा, युएफा, आयसीसी वगैरे. हे तिघं नेहमी एकमेकांशी जुळतातच असं नाही. बहुतेक भांडणं याच फटीतून सुरू होतात.

आधी आपल्या घरचा नियम

आपल्या तिरंग्याबद्दल दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा १९७१ चा कायदा. याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसरी, भारतीय ध्वजसंहिता २००२, जी २६ जानेवारी २००२ पासून लागू झाली. त्याआधी सामान्य माणसाला वर्षभर केव्हाही झेंडा लावायची मोकळीक नव्हती. नवीन जिंदल यांनी याच मुद्द्यावर न्यायालयात लढा दिला आणि २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, आदरानं राष्ट्रध्वज फडकवणं हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) खाली नागरिकाचा हक्क आहे. मात्र या हक्कावर वाजवी बंधनं असू शकतात. म्हणजे मागच्या बाकावरच्या मुलाचं अर्धं म्हणणं बरोबर होतं.

आता ध्वजसंहितेत खेळांचा थेट उल्लेख आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? महत्त्वाच्या राष्ट्रीय, सांस्कृतिक आणि क्रीडा कार्यक्रमांच्या वेळी लोकांनी कागदी झेंडे हातात घेऊन हलवायला हरकत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं. कार्यक्रम संपल्यावर हे कागदी झेंडे टाकून द्यायचे नाहीत, जमिनीवर फेकायचे नाहीत. शक्यतो खासगीत, ध्वजाचा मान राखून त्यांची विल्हेवाट लावायची. सामना संपल्यावर स्टँडमधल्या पायऱ्यांवर काय पडलेलं असतं, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. जिंकलो तर निदान झेंडे घरी तरी जातात. हरलो की खुर्चीखाली, वेफर्सच्या पाकिटांबरोबर.

कापडाच्या झेंड्याबद्दल नियम काळानुसार सैल होत गेले. पूर्वी हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या कापडाचाच झेंडा चालायचा. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं यंत्रावर बनवलेला आणि पॉलिएस्टरचा झेंडाही चालू लागला. जुलै २०२२ मध्ये आणखी एक बदल झाला : उघड्यावर किंवा घरावर लावलेला झेंडा रात्रीही फडकत ठेवता येतो. लांबी-रुंदीचं प्रमाण मात्र तेच, ३:२. अधिकृत आकार नऊ आहेत. सगळ्यात मोठा ६३०० गुणिले ४२०० मिलिमीटर, सगळ्यात लहान १५० गुणिले १००.

इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे.

१९ नोव्हेंबर २०२३. क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत अहमदाबादला होती आणि आमच्या गावात चौकात मोठा पडदा लावला होता. शाळेतली पोरं जमली. मी हौसेनं कापडी तिरंगा आणला होता. परदेशातल्या प्रेक्षकांच्या झेंड्यावर त्यांच्या गावाचं नाव असतं ना, तसं मुलांना करायचं होतं. मार्कर आणला, पांढऱ्या पट्ट्यावर, चक्राच्या दोन्ही बाजूंना गावाचं नाव लिहिलं. अक्षर सुरेख आलं म्हणून मी कौतुकही केलं! मग आमच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा आले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी झेंडा बघितला आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, झेंड्यावर काही लिहायचं नसतं."

घरी जाऊन कायदा वाचला. राष्ट्रध्वजावर कोणत्याही प्रकारचा मजकूर लिहिणं हे १९७१ च्या कायद्यातच अनादराच्या यादीत आहे. इंग्लंडचे फुटबॉलप्रेमी त्यांच्या सेंट जॉर्जच्या लाल क्रुसावर बिनधास्त गावाचं, क्लबचं नाव लिहितात. ती त्यांची रीत आहे, तिथे कुणाला काही वाटत नाही. आपल्याकडे तोच प्रकार गुन्हा ठरू शकतो. टीव्हीवर बघून उचलायच्या आधी हा फरक कळायला हवा होता, आणि तो मला, शिकवणारीला, कळला नव्हता. तो झेंडा मग आम्ही सुभेदार आजोबांच्या परसात, त्यांच्या देखरेखीखाली जाळला. खराब झालेला ध्वज पूर्णपणे, खासगीत, शक्यतो जाळून, मान राखून नष्ट करावा असं संहितेत आहे. मुलं गप्प उभी होती. सामनाही हरलो होतो, त्यामुळे ती संध्याकाळ अजून लक्षात आहे.

याच यादीत आणखी काही गोष्टी आहेत : जाणूनबुजून केशरी रंग खाली ठेवणं, झेंडा मुद्दाम जमिनीला किंवा पाण्याला टेकू देणं, कमरेखालच्या कपड्यात त्याचा वापर. कमरेच्या वरचं चालतं, हा बदल २००५ चा. त्याआधी पोशाखावर तिरंगा कुठेच चालत नव्हता. झेंडा अंगाभोवती गुंडाळण्याबद्दल मात्र मुलं हमखास विचारतात, कारण पदक जिंकलेला खेळाडू पहिली गोष्ट तीच करतो. कायद्याचे शब्द काटेकोरपणे धरले तर यावर वाद घालता येईल. पण कुणी आनंदानं खांद्यावर घेतलेला झेंडा आणि अवमान करण्याच्या हेतूनं केलेली कृती यांत फरक आहे, असं माझं मत. अंग रंगवून, शंख फुंकत हिंडणारे सुधीरकुमार तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील. ते हातातला भला मोठा तिरंगा सामनाभर फडकवत ठेवतात. खाली टेकू देत नाहीत हे बघा पुढच्या वेळी.

आणि काठी? तिचं उत्तर साधं आहे. भांडण झालं तर काठी हत्यार होते, आणि मागच्याला दिसत नाही म्हणून भांडण तर होतंच. युरोपात अनेक स्टेडियममध्ये मोठ्या झेंड्याचं कापड पेट घेणारं नाही याचं प्रमाणपत्रही मागतात. या नियमांत राजकारण नाही.

'किती मोठा' हा प्रश्न वाटतो तितका निरुपद्रवी नाही

ऑगस्ट २०२२. अमेरिकेतल्या सिनसिनाटीची टेनिस स्पर्धा. कोर्टावर दोन्ही खेळाडू रशियाच्या. प्रेक्षकांत एक बाई युक्रेनचा झेंडा अंगावर घेऊन बसलेली. ती ओरडत नव्हती, खेळ अडवत नव्हती. तरी तक्रार झाली, पंचांनी दखल घेतली आणि शेवटी तिला झेंडा बाहेर नेऊन गाडीत ठेवावा लागला. आयोजकांनी कारण दिलं ते आकाराचं : १८ गुणिले १८ इंचांपेक्षा मोठा झेंडा किंवा फलक चालत नाही. नियम खरा होता, आधीपासून लिहिलेला होता. पण मला सांगा, त्या दिवशी त्या मैदानावर कुणीतरी मोजपट्टी घेऊन सगळे झेंडे मोजत फिरत होतं का?

काठी, आकार, कापड हे नियम प्रत्येक मैदानाला लागतातच. पण त्यांचा एक गुण असा की, जेव्हा खरं कारण सांगायचं नसतं तेव्हाही ते वापरता येतात.

याउलट पाच महिन्यांनी मेलबर्नला काय झालं ते बघा. १६ जानेवारी २०२३, ऑस्ट्रेलियन ओपनचा पहिला दिवस. युक्रेनची कातेरिना बाइंडल आणि रशियाची कमिला राखिमोवा यांचा सामना. तोपर्यंत झेंडे आणायला परवानगी होती, अट एवढीच की त्यानं व्यत्यय आणू नये. या सामन्याच्या वेळी कोर्टाशेजारी रशियाचा झेंडा झळकला. युक्रेनच्या ऑस्ट्रेलियातल्या राजदूतांनी जाहीर तक्रार केली आणि दुसऱ्याच दिवशी आयोजकांनी रशिया आणि बेलारूस या दोन्ही देशांच्या झेंड्यांवर बंदी घातली. इथे आकाराचा आडोसा घेतला नाही. कारण सरळ सांगितलं. पटो न पटो, प्रेक्षकाला निदान कळलं की आपला झेंडा का अडवला. त्याच स्पर्धेत पुढे जोकोविचच्या सामन्यानंतर काही लोकांनी स्टेडियमच्या आवारात पुतिन यांचं चित्र असलेला रशियाचा झेंडा फडकवला. त्यांच्याबरोबर जोकोविचचे वडील कॅमेऱ्यात दिसले आणि एवढा गहजब झाला की ते मुलाचा उपांत्य सामना बघायला स्टेडियमवर आलेच नाहीत.

मूळ तक्रार समजून घ्यायची असेल तर त्या युक्रेनच्या मुलीच्या जागी उभं राहून बघा. घरी बॉम्ब पडताहेत आणि सर्व्हिस करताना समोर तोच झेंडा. मग आता त्या रशियन मुलीच्या जागी उभं राहा. युद्ध तिनं सुरू केलेलं नाही आणि तिला 'आमची' म्हणणारा एकही झेंडा मैदानात नाही. वर्गात मी दोन गट पाडले होते. पाच मिनिटांत दोन्ही गटांचे आवाज चढले.

जो देश खेळतो, पण ज्याचा झेंडा खेळत नाही

आता सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण. इथे जरा थांबून वाचा.

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. सुवर्ण चीनला, रौप्य युक्रेनला. तीन देश, तीन झेंडे, कुणालाच काही अडचण नाही. त्या दिवशी आपल्या शाळेत पेढे वाटले होते, आठवतंय ना?

त्याच आठवड्यात पॅरिसच्या बॅडमिंटनच्या सभागृहात वेगळंच चाललं होतं. प्रेक्षकांत तैवानचे समर्थक होते. एका प्रेक्षकाकडे तैवान बेटाच्या आकाराचा हिरवा फलक होता. तो हिसकावून घेतला गेला. झेंडाही नव्हता तो, नुसता नकाशाचा आकार आणि देशाचं नाव. तैवानच्या परराष्ट्र खात्यानं याचा निषेध केला. दोन-तीन दिवसांत, ४ ऑगस्टला, त्याच सभागृहात तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन या जोडीनं चीनच्या जोडीला हरवून पुरुष दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. पदक देताना जो झेंडा वर चढला तो तैवानचा लाल झेंडा नव्हता. पांढऱ्या कापडावर पाच पाकळ्यांचं प्लमचं फूल आणि त्यात ऑलिम्पिकची वर्तुळं, असा तो झेंडा. संघाचं नावसुद्धा 'तैवान' नाही, 'चायनीज तैपेई'.

असं का? कारण चीन तैवानला आपलाच भाग मानतो आणि तैवान स्वतःचं सरकार, सैन्य, निवडणुका चालवतो. दोघांनाही ऑलिम्पिकमध्ये घ्यायचं तर कसं, यावर १९७९ मध्ये ऑलिम्पिक समितीनं तोडगा काढला आणि १९८१ मध्ये लोझान इथे करार झाला. नाव बदलायचं, झेंडा बदलायचं, राष्ट्रगीताच्या जागी दुसरी धून वाजवायची. तेव्हापासून तैवानचे खेळाडू असेच खेळतात.

आता हा करार झाला ऑलिम्पिक समिती आणि तैवानची ऑलिम्पिक संघटना यांच्यात. प्रेक्षकाचा त्याच्याशी काय संबंध? इथे तिकिटाच्या अटी येतात. ऑलिम्पिकच्या मैदानात सहभागी नसलेल्या देशांचे झेंडे आणायला मनाई असते. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या यादीतही ही मनाई होती, आणि तिथे एक गमतीशीर सवलत होती : इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स यांचे झेंडे चालतील, कारण ते सहभागी देशाच्या छत्राखालचे आहेत! म्हणजे स्वतंत्र संघ नसला तरी स्कॉटलंडचा झेंडा चालतो, आणि स्वतंत्र संघ असूनही तैवानचा चालत नाही. नियमाच्या चौकटीत दोन्ही बरोबर. सहभागी 'चायनीज तैपेई' आहे, आणि लाल झेंडा चायनीज तैपेईचा नाही.

तैवानच्या लोकांना हे मान्य आहे का, असं एका मुलीनं विचारलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथे सार्वमत घेतलं होतं : टोकियो ऑलिम्पिकला 'तैवान' या नावानं अर्ज करायचा का? ते मंजूर झालं नाही. पण याचा अर्थ लोकांना जुनं नाव आवडतं असा लगेच काढू नका. नाव बदललं तर खेळाडूंना खेळूच देणार नाहीत अशी भीती मतदानाआधी होती, आणि खुद्द तैवानच्या काही खेळाडूंनी लोकांना विरोधात मत द्यायला सांगितलं. आयुष्यभर सराव करून ऐन वेळी नावापायी बाहेर बसायचं? त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे.

माझं मत विचाराल तर, खेळाडूंनी कराराची अट पाळणं मला पटतं, कारण त्याच अटीवर ते आत आले आहेत. पण स्टँडमध्ये बसलेल्या बाईच्या हातातला बेटाच्या आकाराचा पुठ्ठा ओढून घेणं हे करार पाळणं नाही. तिथे नियमापेक्षा धास्ती जास्त दिसते.

हे सगळं आपल्यापासून फार लांब आहे असं वाटत असेल तर २०१४ आठवा. रशियातल्या सोची इथे हिवाळी ऑलिम्पिक. भारतीय ऑलिम्पिक संघटनेला निवडणुकीच्या गोंधळामुळे डिसेंबर २०१२ पासून निलंबित केलं होतं. त्यामुळे ७ फेब्रुवारीच्या उद्घाटनात शिव केशवन आणि इतर दोन भारतीय खेळाडू तिरंग्याशिवाय, ऑलिम्पिकच्या पांढऱ्या झेंड्याखाली चालले. ११ फेब्रुवारीला निलंबन उठलं आणि मग तिथे तिरंगा चढला. तोपर्यंत केशवनची लूजची शर्यत होऊन गेली होती. आता विचार करा : त्या चार दिवसांत एखादा भारतीय प्रेक्षक तिरंगा घेऊन गेटवर आला असता, तर 'फक्त सहभागी देशांचे झेंडे' हा नियम त्याला कसा लागू झाला असता?

आणि त्याच्याही मागे जा. १५ ऑगस्ट १९३६, बर्लिन. हॉकीची अंतिम लढत, समोर यजमान जर्मनी. मैदानावर आपला म्हणून जो झेंडा होता तो ब्रिटिश हिंदुस्थानचा. सामन्याआधी खोलीत संघाच्या व्यवस्थापकांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि ध्यानचंद आणि सहकाऱ्यांनी त्याला वंदन केलं. बंद दाराआड. मग बाहेर जाऊन ८-१ नं जिंकले. बारा वर्षांनी, १२ ऑगस्ट १९४८ ला, लंडनच्या वेम्बलीवर भारतानं ब्रिटनलाच ४-० नं हरवलं आणि स्वतंत्र भारताचा तिरंगा उघडपणे वर गेला. 'अधिकृत' झेंडा आणि मनातला झेंडा वेगळे असण्याचा अनुभव आपल्या आधीच्या पिढ्यांना होता, एवढंच मला यातून दाखवायचं आहे.

दंड कोणाला?

फुटबॉलमध्ये एक वेगळीच पद्धत आहे. प्रेक्षकानं झेंडा फडकवला तर दंड क्लबला किंवा देशाच्या संघटनेला होतो. ऑगस्ट २०१६ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचा सामना इस्रायलच्या हापोएल बीर शेवा संघाशी होता. सेल्टिकच्या शेकडो समर्थकांनी स्टँडमध्ये पॅलेस्टाइनचे झेंडे फडकवले. युएफाच्या लेखी तो क्रीडास्पर्धेला न शोभणारा राजकीय संदेश ठरला आणि क्लबला १०,००० युरो दंड झाला. समर्थकांनी काय करावं? त्यांनी वर्गणी काढली. दंड भरायला नाही हं, पॅलेस्टिनी धर्मादाय संस्थांना द्यायला. एक लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. दंडामुळे झेंडा दिसायचा थांबेल ही अपेक्षा होती, आणि झालं असं की ज्यांनी सामना पाहिला नव्हता त्यांनाही झेंड्याची बातमी कळली. बार्सिलोनालाही २०१५ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात समर्थकांनी कॅटलान स्वातंत्र्याचे झेंडे फडकवल्याबद्दल ३०,००० युरोंचा दंड झाला होता. पुढच्या वर्षी स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्याला माद्रिदमधल्या सरकारी प्रतिनिधींनी त्याच झेंड्यावर आधीच बंदी घातली, तर न्यायालयानं सामन्याच्या दोन दिवस आधी ती उठवली. इथे पहिला मालक, म्हणजे देशाचा कायदा, प्रेक्षकाच्या बाजूनं उभा राहिला.

आपल्याकडेही हे घडलं आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर पाकिस्तान-बांगलादेश सामन्यात पॅलेस्टाइनचा झेंडा दाखवला म्हणून काही तरुणांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. वर्गातला तिसरा प्रश्न हाच होता ना, मॅचमध्ये नसलेल्या देशाचा झेंडा नेला तर? तर असं होऊ शकतं.

अर्थात झेंडा खरोखर आग लावू शकतो, हेही विसरू नका. १४ ऑक्टोबर २०१४, बेलग्रेड. सर्बिया विरुद्ध अल्बेनिया. दोन्ही देशांत जुनं वैर, म्हणून अल्बेनियाच्या प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. तरी पूर्वार्ध संपत आला असताना आकाशातून ड्रोन आला आणि त्याला लटकलेला होता 'बृहद् अल्बेनिया'चा नकाशा असलेला झेंडा. सर्बियाच्या खेळाडूनं तो खाली ओढला, अल्बेनियाचे खेळाडू त्याच्यावर धावले, प्रेक्षक मैदानात उतरले, खुर्च्या फेकल्या गेल्या. सामना तिथेच संपला. युएफानं आधी सर्बियाला ३-० विजयी ठरवून त्याचेच तीन गुण कापले. जुलै २०१५ मध्ये क्रीडा लवादानं तो निर्णय फिरवून अल्बेनियाला ३-० विजय दिला. गेटवर कितीही झडती घ्या, आकाशाला गेट नसतं!

आणि गेटवरचा माणूस

शेवटी नियम राबवतो कोण? गेटवर उभा असलेला सुरक्षारक्षक. त्याला सकाळी एक कागद मिळतो, बऱ्याचदा तेवढाही मिळत नाही. २०२२ च्या कतार फुटबॉल विश्वचषकात फिफानं सांगितलं होतं की इंद्रधनुषी झेंडे स्टेडियममध्ये चालतील. प्रत्यक्षात पहिल्या दिवसांत वेल्सच्या समर्थकांच्या इंद्रधनुषी टोप्यासुद्धा गेटवर काढून घेतल्या गेल्या. मग फिफाला पुन्हा सांगावं लागलं की पुढच्या सामन्यापासून टोप्या अडवणार नाही. इराण-वेल्स सामन्यात सिंह आणि सूर्य असलेले इराणचे क्रांतीपूर्व झेंडे काही इराणी प्रेक्षकांकडून घेतले गेले. देश तोच, झेंडा जुना.

पण मला सगळ्यात लक्षात राहिलेला प्रसंग ब्राझीलच्या एका पत्रकाराचा आहे. तो पेर्नांबुको राज्याचा. त्या राज्याच्या झेंड्यावर इंद्रधनुष्य आहे, सूर्य आहे, तारा आहे. लुसैल स्टेडियमजवळ त्याच्या हातातला तो झेंडा ओढून जमिनीवर टाकला गेला. त्यानं मोबाइलवर चित्रण केलं तर तो फोनही घेतला आणि चित्रफीत पुसायला लावली. बिचारा सांगत राहिला की हा माझ्या राज्याचा झेंडा आहे. ओढणाऱ्याला फक्त रंग दिसले. आपल्या देशातले सगळे राज्य-चिन्हं तरी आपल्याला कुठे ओळखता येतात? मग हजारो मैलांवरच्या माणसाला दोष देताना मी जरा अडखळते. दोष नियम तोंडी सांगणाऱ्यांचा जास्त. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या झेंड्यांची चित्रांसहित यादी गेटवर लावली असती, तर निदान काय चालतं ते दोघांनाही एकाच कागदावर दिसलं असतं.

घरी करायचं काम

पुढच्या तासाला येताना हे करून आणा.

कोणत्याही एका मोठ्या स्पर्धेच्या तिकिटाच्या अटी मोबाइलवर उघडा (आईबाबांना विचारून!) आणि झेंड्याबद्दलची वाक्यं वहीत उतरवा. प्रत्येक वाक्यापुढे लिहा की ते सुरक्षिततेसाठी आहे, दुसऱ्याला दिसावं म्हणून आहे, की राजकारण बाहेर ठेवण्यासाठी. काही वाक्यं दोन रकान्यांत बसतील. ती कोणती, ते मला बघायचं आहे.

दुसरं काम. समजा आपल्या तालुक्याच्या मैदानावर आंतरराष्ट्रीय कबड्डी सामना आहे आणि तुम्ही गेटवर स्वयंसेवक आहात. एक म्हातारे गृहस्थ येतात. हातात कापडी तिरंगा, काठीसकट, आणि पांढऱ्या पट्ट्यावर गावाचं नाव लिहिलेलं. मागे रांग वाढते आहे. तुम्ही त्यांना काय म्हणाल, ते अगदी शब्दशः, संवादाच्या रूपात लिहा. 'आजोबा' म्हणून सुरुवात केलीत तरी चालेल. सुभेदार आजोबांनी मला सांगितलं तेव्हा माझा आवाज बसला होता, हे ध्यानात ठेवून लिहा.